'हिंदी' म्हणजे नव्हे

लेकीच्या बिल्डिंगमध्ये चार लिफ्ट आहेत आणि त्यांतल्या दोनच बाविसाव्या मजल्यावर थांबतात. कुठल्या दोन, हे पहिले आठ दिवस काही केल्या माझ्या डोक्यात शिरलं नाही. फिलिपिन्समध्ये, मनिलाला लागून असलेल्या मंडालुयोंगला येऊन तिसराच दिवस होता. लॉबीत उभ्या असलेल्या गार्डला मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, ही लिफ्ट बावीसला जाते का? तो अदबीनं मान लववून म्हणाला, "हिंदी पो, मॅम."

मला वाटलं, माझं इंग्रजी काही त्याला कळलेलं नाही आणि बिचारा विचारतोय, हिंदी येतं का. मी खूश. म्हटलं, "हाँ हाँ भैया, हिंदी चलेगा." तो पुन्हा म्हणाला, "हिंदी पो. सा काबिला पो." मी पुन्हा, "हाँ, हिंदी." असं आमचं चार वेळा झालं. शेवटी त्यानं हसू दाबत मला पलीकडच्या लिफ्टपाशी नेऊन उभं केलं.

संध्याकाळी लेकीला सांगितलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "आई, हिंदी म्हणजे नाही गं! ही लिफ्ट नाही, पलीकडची, असं सांगत होता तो."

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातलं निम्मं व्याकरण. त्यामुळे प्रकरण तिथं सोडून देणं मला शक्य नव्हतं. आले होते सहा महिन्यांसाठी, नातीला सांभाळायला. पण नातीला सांभाळणारी बाई घरात आधीच होती आणि ती माझ्याहून कितीतरी बरी सांभाळत होती. मग मी एक दोनशेपानी वही आणली, वर ठळक अक्षरात 'फिलिपिनो' लिहिलं आणि त्या बाईंची शिष्या झाले.

त्यांना घरात सगळे 'आते' म्हणतात. मला आधी वाटलं, नातीला कोणीतरी 'आत्ये' म्हणायला शिकवलंय. आते म्हणजे ताई. थोरला भाऊ तो कुया. दोन्ही शब्द होक्कियन चिनीतून आलेले, म्हणजे व्यापारानिमित्त येऊन इथं राहिलेल्या चिन्यांची देणगी. रस्त्यावरही हेच चालतं. ट्रायसिकलवाला कुया, दुकानातली मुलगी आते. आणि मी लोला, म्हणजे आजी. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान बाईला मी ताई म्हणते आणि ती मला आजी म्हणते. लेकरांच्या नात्यानं हाका मारायची सवय असलेल्या आपल्या घरांत यात कोणाला काही वावगं वाटणार नाही.

तर ते 'हिंदी'. शेवटच्या 'दी'वर जोर आणि मग गळ्यात श्वास एकदम अडवल्यासारखा झटका. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांची नात आणि आते मिळून दिवसभर चार वेगवेगळी 'नाही' वापरतात. नात प्लगच्या भोकात बोट घालायला गेली की आते ओरडते, "हुवाग!" वाटीत वरणभात दिला की नात तोंड फिरवते, "आयाव!" दूध संपलं की आते डबा उपडा करून दाखवते, "वला ना." आणि हे मांजर आहे का, असं कुत्र्याच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं की, "हिंदी."

इंग्रजीतून शिकणारा इथं घाम पुसत बसतो. मला दोन मिनिटं लागली. हिंदी म्हणजे नव्हे. वला म्हणजे नाही. हुवाग म्हणजे नकोस. आयाव म्हणजे नको. 'नाही' आणि 'नव्हे' यांतला फरक आठवीच्या पोरांना समजावताना माझा घसा बसायचा, आणि इथं एक तीन वर्षांचं लेकरू तो रोज अचूक पाळतंय. खरं सांगते, त्या दिवशी मला ही भाषा आवडली.

मग असे दुवे सापडतच गेले. वाक्याला प्रश्न करायचा तर 'बा' लावायचा, आपण 'का' लावतो तसा. लिफ्टचं दार उघडलं की बाहेरचा विचारतो, "बाबाबा बा?" आतला म्हणतो, "बाबाबा." बाबा म्हणजे खाली उतरणं, पहिलं अक्षर पुन्हा म्हटलं की भविष्यकाळ, आणि शेवटी 'बा'. उतरणार का? उतरणार. ही गंमत तिथले लोक प्रत्येक परदेशी माणसाला सांगतात, मलाही तिघांनी सांगितली, पण मी ती खऱ्याखुऱ्या लिफ्टमध्ये, खऱ्याखुऱ्या दोन माणसांत ऐकली तेव्हा हसू आवरलं नाही.

त्याहून मला भावला तो 'दाव'. ऐकीव गोष्टीला लावायचा शब्द. पाऊस पडतोय हे मी स्वतः पाहिलं तर "उमुउलान." कोणी सांगितलं म्हणून म्हणत असेन तर "उमुउलान दाव." पाऊस पडतोय म्हणे! हा 'म्हणे' हिंदीत नाही, इंग्रजीत त्यासाठी अख्खं वाक्य लागतं. स्वरानंतर आला की 'दाव'चा बहुतेक वेळा 'राव' होतो. त्यामुळे फोनवर गप्पा मारणाऱ्या आतेच्या तोंडी अधूनमधून "राव" ऐकू यायचं आणि मला उगाच गावाकडचं कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. शब्द आठवला नाही की आपण "अगं ते हे" म्हणतो ना, तिथं ते म्हणतात "युंग आनो". आते आणि मी एकमेकींशी निम्मं संभाषण 'हे' आणि 'आनो'वरच करायचो.

आणि जेवण. कोणीही काही खात असताना आपण तिथून गेलो की हाक येते, "काइन तायो!" या जेवायला. गार्ड डबा उघडून बसलेला असो, नाहीतर रस्ता खणणारे मजूर सावलीत भात कालवत असोत. आणि भेटल्यावर पहिला प्रश्न, "कुमाइन ना पो बा कायो?" जेवलात का? यातला 'पो' म्हणजे मान. वाक्यात कुठंतरी तो पेरायचाच. 'कायो' म्हणजे तुम्ही, अनेकवचन, आपण वडीलधाऱ्यांना वापरतो तसंच. आतेनं सहा महिन्यांत मला एकदाही 'पो' लावल्याशिवाय उत्तर दिलं नाही. नातीला रागवताना मात्र 'पो' गळून पडायचा, आणि मग तिला कळायचं की आता खरंच रागावल्यात.

'काइन तायो'मधल्या तायोपाशी जरा थांबते. तायो म्हणजे आपण. कामी म्हणजे आम्ही. समोरच्याला धरून आणि समोरच्याला वगळून. हा भेद मराठीत आहे, गुजरातीत आहे, तमिळमध्ये आहे, हिंदीच्या 'हम'मध्ये बुडाला. ऑक्टोबरात वादळ आलं तेव्हा टीव्हीवर दर तासाला पागासाचा इशारा. पागासा ही त्यांची हवामानसंस्था. लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून असा शब्द साधलाय की तो फिलिपिनोत वाचला तर अर्थ होतो, आशा. पाग-आसा. यातला 'आसा' म्हणजे आपलाच 'आशा' शब्द, मलायमधून तिकडे पोचलेला. रात्री वीज गेली, बाविसाव्या मजल्यावर खिडक्या शिट्ट्या घालत होत्या. आते मेणबत्ती घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "दितो लांग तायो, लोला." इथंच थांबू आपण. त्याआधी नाताळाच्या सुट्टीबद्दल बोलताना मात्र ती म्हणाली होती, "उउवी कामी." आम्ही घरी जाणार. तेव्हा मी 'आपण'मध्ये नव्हते, वादळात होते. व्याकरणाचा तास घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तीस वर्षांत सापडलं नव्हतं.

संस्कृत शब्द सापडले की आपल्या लोकांना फार उकळ्या फुटतात, मलाही फुटल्या. गुरो म्हणजे शिक्षक. मुखा म्हणजे चेहरा. साक्सी म्हणजे साक्षीदार. दिवाता म्हणजे डोंगराझाडांतली परी, देवतेची घसरलेली पायरी. सांपालाताया म्हणजे श्रद्धा, मूळ 'संप्रत्यय'. सुका म्हणजे व्हिनेगर, जो आपल्या चुक्याचा नातलग. लाहो म्हणजे नाहीसं होणं, ग्रहणात सूर्य गिळणाऱ्या राहूवरून. यावरून लगेच "सगळं आपल्याकडूनच गेलं" असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी सांगते: भाषेचा सांगाडा आपला नाही, अजिबात नाही. ती ऑस्ट्रोनेशियन कुळातली. मलाय, जावानीज, पार हवाईची आणि मादागास्करची भाषा, ही तिची भावंडं. आपले शब्द तिच्याकडे पाहुणे म्हणून गेले आणि तिथलेच झाले.

त्या पाहुण्यांपैकी एक मात्र माझ्या मनातून जात नाही. माहाल. कोशकार त्याची व्युत्पत्ती संस्कृत 'महार्घ'शी लावतात, आणि आपला 'महाग'ही त्याच महार्घातून आलेला. बाजारात कोळंबीचा भाव ऐकून आते नाक मुरडते, "आंग माहाल!" किती महाग! आणि रात्री नातीला थोपटताना त्याच तोंडानं म्हणते, "माहाल किता." माझं तुझ्यावर प्रेम आहे. तोच शब्द. जे मोलाचं ते प्रिय. आपण महागाईपाशी थांबलो, ते पुढे गेले.

एका रविवारी लेकीनं मनिलातल्या मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. तिकीट नाही. तिथं काचेमागे एक काळपट तांब्याचा पत्रा आहे, वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, चुरगळलेला. १९८९ साली लागुना प्रांतातल्या लुंबान नदीच्या मुखापाशी वाळू उपसताना मिळालेला. त्यावर दहा ओळी, जुन्या कावी लिपीत, भाषा प्रामुख्यानं जुनी मलाय. लेकीनं फोनवर लिप्यंतर शोधलं आणि अडखळत वाचू लागली. स्वस्ति... शकवर्ष... ८२२... वैशाख मास... चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार.

मी म्हटलं, थांब. पुन्हा वाच.

तिनं पुन्हा वाचलं. म्हणजे इसवी सन ९००, एप्रिल महिना. माझ्या आईच्या तोंडी असायची तशी तिथी, मनिलाच्या पत्र्यावर, सोमवारी आलेली संकष्टी! आणि मजकूर तरी काय, तर कर्जमाफी. नामवरान नावाच्या माणसावरचं एक काती आठ सुवर्ण एवढं सोन्याचं कर्ज माफ झालं, आता त्याच्या वंशजांकडे कोणी मागू नये, असा लेखी पुरावा त्याच्या मुलांच्या हाती दिलेला. एखाद्या देवळाचा नाही, राजाच्या पराक्रमाचा नाही, सावकाराची पावती! फिलिपिन्सचा तारीख घातलेला सर्वांत जुना सापडलेला लेख हा असा आहे. मी त्या काचेसमोर इतका वेळ उभी राहिले की नात खाली बसकण मारून रडायला लागली.

स्पॅनिश आले तेव्हा तागालोग लोक, म्हणजे मनिलाच्या आसपासचे, ज्यांच्या भाषेवर आजची फिलिपिनो उभी आहे ते, बायबायिन नावाच्या लिपीत लिहीत होते. तीही ब्राह्मीच्याच वंशातली. व्यंजनात 'अ' मुरलेला, वर टिंब दिलं की इ किंवा ए, खाली दिलं की उ किंवा ओ. संपली बाराखडी. शेवटचं व्यंजन लिहायची मात्र सोय नव्हती. पाय मोडायची युक्ती मूळ लिपीत नाहीच, ती नंतर स्पॅनिश पाद्र्यांनी सुचवली, आणि लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. १५९३ साली मनिलात छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीत ही लिपी आहे. आज ती नोटांच्या कोपऱ्यात आणि पोरांच्या दंडावर गोंदलेली दिसते. रोजचं लिहिणं रोमनमध्ये.

त्या रोमन लिपीत एक गंमत आहे. त्यांच्या अठ्ठावीस अक्षरांत 'एन-जी' मिळून एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि ते म्हणजे आपला ङ. आपण ङ फळ्यावर लिहितो आणि लगेच पुसतो. "बाई, ङ वरून शब्द सांगा," असं विचारणाऱ्या पोराला मी दरवर्षी 'वाङ्मय' सांगून कटवलं, आणि दरवर्षी एखादं पोर म्हणायचं, पण तो तर मध्ये आहे! इथं शब्द ङ नेच सुरू होतात. ङिती म्हणजे स्मित. ङिपिन म्हणजे दात. ङायोन म्हणजे आत्ता. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी मला उत्तर मिळालं.

बाजारात मात्र माझी फजिती झाली. आतेकडून इसा, दालावा, तात्लो असे आकडे मी पाठ केले होते. मासळीवालीला ऐटीत विचारलं, "माग्कानो पो?" ती म्हणाली, "सिंक्वेंता." हे काय नवीन? भाव सांगायचे तर स्पॅनिश आकडे: बेंते, त्रेंता, क्वारेंता, सिंक्वेंता. घड्याळही स्पॅनिश, आलास क्वात्रो म्हणजे चार वाजता. मोठी रक्कम आली की इंग्रजी. वस्तू मोजायच्या तर त्यांचे स्वतःचे इसा, दालावा. तीन भाषांचे आकडे एकाच पिशवीत, आणि कुठे कुठला काढायचा यात कोणी चुकत नाही. बाकी स्पॅनिश शब्द मला घरचेच वाटले, कारण आपल्याकडे त्यांचे पोर्तुगीज चुलतभाऊ आहेत. साबोन, साबण. मार्तिल्यो म्हणजे मार्तूल! आतेनं भिंतीत खिळा ठोकायला मार्तिल्यो मागितला तेव्हा मी न विचारता खणातून काढून दिला. तिला वाटलं, माझी फार प्रगती झाली.

स्पॅनिश राज्य ३३३ वर्षं टिकलं, पण भाषा मूठभरांपुरती राहिली, कारण पाद्री स्वतःच स्थानिक भाषा शिकून प्रवचनं करायचे. देशाचा सर्वांत मोठा नायक होसे रिझाल यानं कादंबऱ्या लिहिल्या त्या स्पॅनिशमध्ये, आणि आज बहुतेक पोरं त्या भाषांतरातच वाचतात. पुढे अमेरिकनांनी १९०१ मध्ये जहाजं भरभरून शिक्षक आणले आणि एका पिढीत इंग्रजी रुजवली.

क्रियापदांवर मी वहीची चाळीस पानं घातली, इथं चार वाक्यांत आटपते. आपले कर्तरी-कर्मणी आठवत असतील तर फिलिपिनो सोपी आहे. "मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली," इथं क्रियापद कर्माच्या मागे जातं. त्यांचं क्रियापद कर्त्यामागे जातं, कर्मामागे जातं, शिवाय कुठे केलं त्याच्यामागे आणि कोणासाठी केलं त्याच्याही मागे. बिली म्हणजे खरेदी. विकत घेणाऱ्यावर भर असेल तर बुमिली, वस्तूवर असेल तर बिनिली, ज्याच्याकडून घेतलं त्याच्यावर असेल तर बिनिल्हान, ज्याच्यासाठी घेतलं त्याच्यावर तर इबिनिली. ते 'उम' आणि 'इन' शब्दाच्या पुढेमागे लागत नाहीत, थेट पोटात शिरतात. लिंग मात्र कुठेच नाही. तो, ती, ते या तिघांना एकच 'सिया'. म्हणून इंग्रजी बोलताना आते माझ्या जावयाला खुशाल 'शी' म्हणते. त्याला आता सवय झाली आहे.

आणि ही यंत्रणा इतकी मजबूत आहे की इंग्रजी शब्दही ती गिळते. आपण 'ड्राइव्ह करतोय' म्हणतो, 'कर'च्या कुबडीवर. ते म्हणतात 'नाग्दाड्राइव्ह'. मूळ शब्दाचं पहिलं अक्षर दोनदा, पुढे 'नाग', झाला वर्तमानकाळ. लेकीच्या ऑफिसातली मंडळी दिवसभर अशी टॅग्लिश बोलतात. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मी स्वतः आयुष्यभर शुद्धतावादी, पण इथं मला वाटलं की जी भाषा परक्या शब्दाला स्वतःचं व्याकरण पाळायला लावते, तिची फार काळजी करू नये.

आता मुख्य गोष्ट, जी मला चौथ्या महिन्यात कळली.

एका रात्री पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात आते मोबाइलवर तिच्या मुलाशी बोलत होती. मोठ्यानं हसत होती, भरभर बोलत होती, मी कधी न ऐकलेल्या आवाजात. मी दारात उभी राहून माझ्या वहीतला एखादा शब्द सापडतो का ते पाहत राहिले. एकही नाही. चार महिन्यांचा अभ्यास पाण्यात गेला, असं वाटलं. फोन ठेवल्यावर तिनं मला पाहिलं, आणि लाजून म्हणाली, "बिसाया पो, लोला."

आते बोहोल बेटावरची. तिची मातृभाषा बिसाया, म्हणजे सेबुआनो. फिलिपिनो ती शाळेत शिकली, टीव्हीवरच्या मालिकांतून शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी मनिलाला कामाला आल्यावर खरी शिकली. म्हणजे माझ्या गुरूची ही परकीच भाषा होती! तिनं सांगितलं, पहिल्या घरी मालकीणबाई ओरडल्या, "लांगाम! टेबलावर लांगाम!" आते खिडकीकडे धावली. तिच्या भाषेत लांगाम म्हणजे पक्षी. तागालोगमध्ये लांगाम म्हणजे मुंगी. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या आणि ही पडदे झटकत होती.

मग मी वाचायला लागले. सात हजार सहाशेच्या वर बेटं आणि शंभराहून जास्त भाषा. सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन, वाराय, बिकोल, कापांपांगान, या सगळ्या स्वतंत्र भाषा आहेत, तागालोगच्या बोली नव्हेत. झांबोआंगात तर चाव्हाकानो नावाची, स्पॅनिशला स्थानिक व्याकरणाचा साज चढवलेली भाषा आहे. २०२० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १० कोटी ९० लाखांच्या घरात होती, आणि घरात तागालोग बोलणारी कुटुंबं शंभरात चाळीसच्या आसपास. उरलेल्या साठांसाठी राष्ट्रभाषा ही शिकून घेतलेली भाषा. ती बहुतेकांना समजते, मनिलाचा टीव्ही आणि सिनेमा घराघरात पोचलाय, पण रात्री लेकराशी फोनवर बोलायची भाषा वेगळी.

१९३५ च्या राज्यघटनेनं ठरवलं की एका देशी भाषेच्या आधारावर राष्ट्रभाषा घडवायची. संस्था स्थापन झाली, तिचे प्रमुख हाइमे दे वेइरा, हे लेइते बेटावरचे, तागालोग प्रदेशातले नव्हेतच. तरी संस्थेनं कौल तागालोगला दिला, आणि ३० डिसेंबर १९३७ ला अध्यक्ष मान्वेल केसोन यांनी तसं जाहीर केलं. केसोन स्वतः तागालोगभाषी. बाकीच्यांना ते टोचलं नसतं तरच नवल. १९५९ मध्ये शिक्षणखात्यानं नाव बदलून 'पिलिपिनो' केलं, म्हणजे एका जमातीचं नाव नको. १९८७ च्या घटनेत ती 'फिलिपिनो' झाली आणि देशातल्या इतर भाषांमधून ती समृद्ध करायची असं लिहून ठेवलं. या 'फ'लाही अर्थ आहे. तागालोगमध्ये मुळात फ नाही, इतर काही भाषांत आहे. म्हणजे एका अक्षरात बाकीच्यांना दिलेलं आश्वासन. ते कितपत पाळलं गेलं? माझं मत विचाराल तर थोडंच. दार उघडं ठेवलंय, पण घर तागालोगचंच आहे. लेकीच्या ऑफिसातला सेबूचा मुलगा मनिलाकरांशी हट्टानं इंग्रजीतच बोलतो.

ऑगस्ट हा भाषेचा महिना, केसोन यांचा जन्मदिवस १९ ऑगस्टचा म्हणून. नातीच्या खेळवर्गातही पोरांना पारंपरिक पोशाख घालून, कविता म्हणायला लावून साजरा झाला. आपल्या २७ फेब्रुवारीसारखाच थाट, आणि कार्यक्रम संपल्यावर पालकांना सूचना इंग्रजीत, तीही आपल्यासारखीच. त्या दिवशी आते मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या भाषेतली एकही कविता नव्हती. २०१२ पासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचं धोरण होतं, तिच्या धाकट्याला त्याचा फायदा झाला. २०२४ मध्ये नव्या कायद्यानं ती सक्ती काढून टाकली. त्याआधी महाविद्यालयांतून खुद्द फिलिपिनोच सक्तीचा विषय म्हणून वगळायचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि वगळणं ग्राह्य ठरलं. म्हणजे धाकट्या भाषांना थोरल्या फिलिपिनोची भीती आणि सगळ्यांनाच इंग्रजीची.

तरी परदेशात गेलं की चित्र पालटतं. आतेची बहीण हाँगकाँगला घरकाम करते, भाऊ जहाजावर आहे. भाऊ सांगतो, जहाजावर इलोकानो, बिसाया, इलोंगो सगळे असतात, आणि जेवायच्या टेबलावर सगळ्यांची मिळून फिलिपिनो. अमेरिकेत घरी तागालोग बोलणारे सतरा लाखांच्या आसपास आहेत. नाताळाआधी या सगळ्यांकडून खोकी भरभरून येतात, साबणापासून चॉकलेटपर्यंत. प्रवासाहून येताना आणलेल्या वस्तूला ते पासालुबोंग म्हणतात. आपण 'खाऊ' म्हणतो, तेच. आणि आणला नाही तर जे होतं त्याला ताम्पो. रुसवा. इंग्रजीत याला शब्द नाही असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. मी म्हटलं, आमच्यात आहे.

निघायच्या आदल्या रात्री मी वही आवरत होते. एकशे एक्क्याऐंशी पानं भरली होती. आते भांडी पुसून आली, वाळवलेल्या आंब्याची चार पाकिटं माझ्या बॅगेत खोचली, आणि मी सरावानं म्हटलं, "मारामिंग सालामात, आते." मग सुचलं म्हणून विचारलं, बिसायात काय म्हणतात? ती म्हणाली, "दाघांग सालामात." मी म्हटलं, आणि चांगलं याला? "सेबूत माआयो. आमच्या बोहोलात माआजो." आमच्या म्हणताना तिनं 'य'चा 'ज' असा काही ठासून म्हटला की दोघीही हसलो.

मग तिनं माझ्या हातातून पेन घेतलं. वही उलटी करून मागच्या बाजूनं उघडली, कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत 'बिसाया' लिहिलं आणि खाली रेघ मारली. पहिला शब्द लिहिला, लांगाम. माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि माझा घोटाळा व्हायला नको म्हणून शेजारी दोन पंखांचं, चोच असलेलं एक चित्र काढलं.